गटारीचा साचा

मित्रांनो, 'मी एक जुना साचा आहे' अशी सुरुवात करायची पद्धत आहे. पण त्यातले 'जुना' तेवढे खरे. 'एक' मी कधीच नव्हतो. माझी पोलादी पाती आरागिरणीतली, माझा पेच स्वयंपाकघरातला, माझी चौकट मोडक्या बैलगाडीच्या बाभळीची आणि दोन्ही अंगांचे स्प्रिंग पोस्टमन पुंजाजीच्या निकामी सायकलींच्या स्टँडचे. आम्ही सगळे आपापल्या ठिकाणी वापरून जुने झालो, टाकून दिले गेलो आणि मग उंद्रीच्या तुळशीराम सुताराने आम्हाला एकत्र बांधले. लोक आम्हाला मिळून 'साचा' म्हणू लागले.

गावात माझे पूर्ण नाव 'गटारीचा साचा'. ते नाव चुकीचे आहे. मी गटार कधी पाहिलेली नाही. माझे काम गिटारीचे.

गिटार समोरून पाहिली तर तिला वर खांदे असतात, मध्ये कंबर असते आणि खाली रुंद बैठक. तिच्या कडेने लाकडाची पातळ पट्टी वळत गेलेली असते. ती पट्टी झाडात सरळ होती. तिला वाकवायचे काम माझे. पट्टी आधी भिजवायची, मग माझ्या दोन पात्यांच्या मध्ये घालायची. खाली निखाऱ्यांचे घमेले सरकवायचे. वरचा पेच फिरवला की कंबर दाबली जाते आणि स्प्रिंग दोन्ही टोके खाली ओढून घेतात. लाकूड तापून मऊ पडते, वाकते, आणि गार झाल्यावर तसेच राहते. यात मला काही कष्ट होत नाहीत. मला काहीच होत नाही.

खरे सांगायचे तर या कामाला साचा लागतोच असे नाही. कसबी माणूस लोखंडी नळी निखाऱ्यांवर तापवतो, ओली पट्टी दोन्ही हातांनी तिच्यावर धरतो आणि वाट पाहतो. लाकूड तयार झाले की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, ते बोटांना कळते. तुळशीराम भजनी मंडळांच्या वीणा आणि एकतारी करायचा, पेट्या दुरुस्त करायचा, आणि वाकवण्याचे काम आले तर असेच हातांनी करायचा. त्याच्या हातची वीणा चिखलीपासून मेहकरपर्यंत लोकांच्या गळ्यात होती. मग त्याला माझी गरज का पडली, तेवढीच माझी गोष्ट आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. खामगावच्या एका बँडपार्टीचे मास्तर भगवानराव एक दिवस धोतराच्या फडक्यात मोडकी गिटार गुंडाळून उंद्रीला आले. वरातीच्या ट्रकमध्ये कोणीतरी तिच्यावर बसले होते. मानेला धक्का नव्हता, पण पोटाचा चुराडा झाला होता. लग्नात लोकांना आता सिनेमाची गाणी हवी असतात आणि त्यात गिटार लागतेच, असे त्यांचे म्हणणे. हिला नवे अंग करून द्या, जमले तर दर लग्नसराईला एक नवी करा, असे सांगून ते गेले. तुळशीराम हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने पट्ट्या वाकवायला घेतल्या आणि त्या एकामागून एक मोडल्या. काही मोडल्या नाहीत, त्या करपल्या.

एका संध्याकाळी त्याच्या बायकोने, अन्नपूर्णाबाईने, ताटात भाकरी वाढताना त्याच्या उजव्या हाताची बोटे पाहिली. त्यांवर टरारून फोड आले होते. हे काऊन झालं, असे तिने विचारले. तुळशीरामने बोटांकडे पाहिले. त्यालाही ते तेव्हाच दिसले होते.

त्याआधीच त्याने सदऱ्याच्या बाह्या दुमडायचे सोडले होते. कोपराखाली एक फिकट चट्टा होता आणि तिथे चिमटा घेतला तरी काही वाटत नव्हते. त्या आजाराला काय म्हणतात ते नवऱ्याला ठाऊक होते आणि बायकोलाही. दोघांपैकी कोणी तो शब्द घरात उच्चारला नाही. ज्याला तो आजार झाला त्याला कुष्ठरोगी म्हणत आणि लोक त्याच्या हातचे पाणी घेत नसत. मग त्याच्या हातची वीणा गळ्यात कोण घालील? तुळशीरामला भीती होती ती एवढीच. आजाराची नव्हती, दुखत नव्हते म्हणून.

त्याने काम सोडायचे ठरवले नाही, दवाखान्यात जायचेही ठरवले नाही. खामगावात त्याने कापसाच्या गाठी दाबायचा प्रेस पाहिला होता. डोंगराएवढा कापूस वरून दाबला जातो आणि त्याला कोणाचा हात लागत नाही. हात न लावता लाकूडही दाबता येईल, असे त्याच्या मनात आले. मी तिथून सुरू झालो.

आधी हवा होता पत्रा. लाकूड मध्ये धरून ठेवील आणि त्याच्याबरोबर वाकेल असा. तुळशीराम एस.टी.ने खामगावला गेला, बाजारातल्या पत्रेवाल्याकडे उभा राहिला आणि म्हणाला की गिटारीसाठी पत्रा पाहिजे, वाकवायचा. त्या भल्या माणसाने गिटार हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्याने गटार ऐकले. त्याने मोठ्या हौसेने अर्धगोल वळवलेला लांबलचक पत्रा आणला, वर तोटी कशी बसवायची तेही समजावून दिले. तुळशीरामचे मन ठिकाणावर नव्हते. तो हो हो करत गेला आणि ते धूड एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आला.

उंद्रीच्या थांब्यावर भरदिवसा एक सुतार खांद्यावर गटार घेऊन उतरला. ही बातमी सरपंच महादेवरावांकडे पोहोचायला वेळ लागला नाही. गावात गटार व्हावी म्हणून ते तालुक्याला खेटे घालत होते, आणि आता आपल्याला बाजूला ठेवून काम परस्पर सुताराला मिळाले असा त्यांचा समज झाला. ते तडक दुकानात आले.

"तुळशीराम, गटारीचं काम घेतलं म्हन्ते तू. मले काऊन नाही सांगितलं?"

तुळशीरामने खरे सांगायला तोंड उघडले होते. पण गिटार म्हटले की पुढचा प्रश्न आलाच असता: तुझ्यासारख्याच्या हाताला यंत्र कशाला लागते? त्याने हात पाठीमागे घेतले.

"हाव," तो म्हणाला. "पाहून राह्यलो जमते का."

माझे नाव पडले ते असे. त्या दिवसापासून गाव खूष झाले. येणारा-जाणारा दुकानात डोकावून उतार कसा ठेवायचा ते सांगू लागला. गटार आपल्या दारापासून सुरू करायची, असे महादेवरावांनी दोनदा बजावले. एकाने तर डासांचा विषय काढला. हातांबद्दल कोणी काही विचारले नाही. चुकीच्या नावाच्या आडोशाला बसून तुळशीराम मला जोडत राहिला.

तो पत्रा मात्र निखाऱ्यांवर धरला तेव्हा सुरकुतला आणि त्याच्या जोडातले कथील वितळून खाली ठिबकले. तुळशीराम पुन्हा खामगावला गेला. या वेळी तो रहेमतुल्लाकडे गेला. रहेमतुल्लाचा भंगाराचा धंदा होता. दोघे तरुणपणी कापसाच्या एकाच जिनिंग गिरणीत कामाला होते आणि तेव्हापासून एकमेकांना मिस्त्री म्हणत. रहेमतुल्लालाही गिटार म्हणजे काय ते माहीत नव्हते, पण त्याने विचारले. तुळशीरामने धुळीत चित्र काढून दाखवले. रहेमतुल्ला बराच वेळ त्या चित्राकडे पाहत बसला आणि मग आत जाऊन मला घेऊन आला. मला म्हणजे माझ्यातल्या त्या भागाला, ज्याला सर्वांत आधीचे आठवते. मी तेव्हा आरागिरणीतून मोडीत निघालेल्या रुंद करवतीचे पाते होतो. वाकवले तर वाकणारे, सोडले तर सरळ होणारे, वीतभर नाही पण गिटारीच्या पट्टीला पुरेल एवढे रुंद.

तुळशीरामने मला उचलले, वाकवून पाहिले. त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. लांबी किती, तुकडे किती पडतील, याचा तो हिशेब मोठ्याने करत होता आणि रहेमतुल्ला त्याच्या हाताकडे पाहत होता. तुळशीरामने मला दात्यांच्या बाजूने धरले होते. रक्त त्याच्या मनगटावरून बाहीत चालले होते आणि तो लांबीबद्दल बोलत होता.

"मिस्त्री," रहेमतुल्ला हळूच म्हणाला, "खून निंगून राह्यलं तुमच्या हातातून. तुमाले समजलंच नाही."

तुळशीराम थांबला. त्याने मला खाली ठेवले. रहेमतुल्लाने स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल फाडून त्याच्या तळव्याला बांधला. त्याने हात झिडकारला नाही की लांबून धरला नाही. आपल्या मावसभावालाही हेच झाले होते, बुलढाण्याच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात, त्याने वेळेवर घेतल्या आणि आज तो किराणा दुकान चालवतो, असे तो बांधता बांधता सांगत होता. लवकर गेलात तर हात राहतील, असेही म्हणाला.

"तू कोणाले सांगशील?" तुळशीरामने विचारले.

"मी काऊन सांगू? तुमी सांगा. डाक्टरले."

तुळशीराम हाव म्हणाला. रहेमतुल्लाने त्याला तसाच जाऊ दिला नाही. त्याने सायंकाळपर्यंत बसवून ठेवले आणि माझे सगळे दाते घासून काढले, कडा गुळगुळीत केल्या, मग बोट फिरवून पाहिले आणि फडक्यात गुंडाळून दिले. ज्याचे दाते जातात त्याला दुखत असेल असे तुम्हाला वाटेल. मला तसे काही आठवत नाही.

आता राहिला होता पेच. जाड आटे असलेला, वरून जोर देणारा पेच कुठे मिळेना. अन्नपूर्णाबाईचा कुरडयांचा सोऱ्या होता, माहेरहून आलेला, लोखंडी, पेचाचा. तिने तो फडताळातून काढून स्वतःच दुकानात आणून ठेवला. चैत्र तोंडावर आला होता आणि गहू भिजत घालायचे दिवस होते.

"औंदा कुरडया नाही केल्या तं चालते," ती म्हणाली. "पन ही एक गिटार झाली का आपन रहेमतुल्लाभाऊ म्हन्ते त्या दवाखान्यात जाऊ, बुलढाण्याले. मी संगं येतो."

"हाव," तुळशीराम म्हणाला.

वऱ्हाडात बाया अशा वेळी 'येतो' म्हणतात, 'येते' म्हणत नाहीत. तिने ते अगदी सहज म्हटले, जणू बाजाराला जायचे आहे.

मग तो दिवस आला. खाली निखारे लाल झाले. तुळशीरामने माझ्या पात्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते थेंब नाचून उडाले तेव्हा त्याने ओळखले की मी तापलो. बोटांचे काम त्याने असे पाण्याकडे दिले होते. शिसवाची पट्टी आत गेली, वाफ निघू लागली आणि तो तळव्याने पेच थोडा थोडा फिरवत गेला. पट्टी मोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती माझ्यातून काढून उन्हात धरली, तर तिला खांदा होता, कंबर होती, बैठक होती. अन्नपूर्णाबाई दारात उभी राहून हसली. तुळशीराम हसला नाही. तो ती पट्टी फिरवून फिरवून पाहत राहिला, कारण हाताला ती कशी लागते ते त्याला कळत नव्हते.

गिटार तयार झाली तेव्हा भगवानराव ती न्यायला आले. त्यांनी दुकानातच मांडी घालून एक धून वाजवली आणि लोक जमले. गटारीच्या साच्यातून गिटार निघाली म्हणून गाव पोट धरून हसले. नाव बदलायची तसदी मात्र कोणी घेतली नाही. महादेवरावांना शेवटपर्यंत असेच वाटत राहिले की सुताराचे गटारीचे काम या नादापायी मागे पडले. भगवानरावांनी तुळशीरामची पाठ थोपटली आणि चारचौघांत सांगितले की या माणसाच्या हातात जादू आहे. तुळशीरामने मान खाली घातली. जाताना ते आणखी एक गिटार सांगून गेले.

बुलढाण्याला जायचे राहिले. ही एक होऊ दे, मग जाऊ, असे ठरले. ती झाली तेव्हा तिसरी आली. अन्नपूर्णाबाईने तीनदा शिदोरी बांधली आणि तीनदा सोडली. एकदा ती रागावली, एकदा रडली, एकदा नुसती बसून राहिली. तुळशीराम तिला म्हणे की काम चालून राह्यलं ना, मग कशाची घाई. आणि काम खरेच चालले होते. मी एकही पट्टी मोडली नाही. माझ्यामुळे त्याला बोटांची उणीव भासत नव्हती, आणि उणीव भासत नव्हती म्हणून तो जात नव्हता. मित्रांनो, मी काम चांगले केले. त्याबद्दल आनंद की दुःख, ते मला सांगता येत नाही. निखारे पेटत, विझत. मी तापत असे, गार होत असे.

दोन लग्नसराया अशा गेल्या. त्याच्या उजव्या हाताची करंगळी आत वळली, मग तिच्या शेजारचे बोट. तो पेच मनगटाने फिरवू लागला. दुकानात एकटा असताना तो कधी कधी माझ्याशी बोले. "तुले बी काई वाटत नाही, मले बी नाही," असे एकदा म्हणाला. तक्रार म्हणून नाही, नुसतेच.

भगवानराव एका सकाळी आले तेव्हा मी तापलेलो होतो. वाजवणारा पोरगा कसा आहे, अमक्याच्या वरातीत गिटारीवर नोटा कशा उडाल्या, असे ते रंगून सांगत होते आणि तुळशीराम माझ्याजवळ उभा राहून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने आधाराला म्हणून हात टेकला. तो हात माझ्या पात्यावर होता. आवाज अगदी बारीक झाला, पाण्याचा थेंब पडल्यासारखा. मग वास आला. भगवानराव बोलायचे थांबले. तुळशीराम मात्र त्यांच्याकडे पाहत पुढच्या वाक्याची वाट बघत होता.

"मिस्त्री," भगवानराव म्हणाले, "हात."

तुळशीरामने आपल्या हाताकडे पाहिले, कोणाचे तरी विसरलेले अवजार दिसावे तसे. मग त्याने तो सावकाश उचलला. त्याच्या तोंडातून हायसुद्धा निघाले नाही, आणि तेच भगवानरावांना पुरले. ते उठले, दारापर्यंत पाठ न वळवता गेले आणि ठरलेली गिटार न घेताच निघून गेले.

अन्नपूर्णाबाई वास आला म्हणून आधी चुलीकडे गेली आणि मग दुकानात आली. तिने पाण्याचा हंडा आणून माझ्याखालच्या निखाऱ्यांवर ओतला. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने ती त्याला बुलढाण्याला घेऊन गेली. त्यानंतर माझ्याखाली विस्तव कधी पेटला नाही.

दवाखान्यात काय झाले ते मी ऐकले ते अन्नपूर्णाबाईने रहेमतुल्लाला सांगितले तेव्हा. तो भेटायला आला होता आणि दोघे माझ्यासमोरच बसले होते. डॉक्टरांनी तुळशीरामचे डोळे झाकून हाताला कापूस लावला, मग टाचणी टोचली आणि कुठे लागते ते विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी म्हणाला, सुरुवात करा ना. डॉक्टर चांगले होते. गोळ्यांनी आजार थांबेल, घरात राहा, घरच्यांना धोका राहणार नाही, असे त्यांनी समजावले. वळलेली बोटे मात्र सरळ होणार नाहीत आणि गेलेली जाणीव परत येणार नाही. चट्टा दिसला तेव्हाच आला असतात तर हात राहिले असते, असे ते म्हणाले. 

गावाला कळले. भगवानरावांची बँडपार्टी पुन्हा आली नाही. एका भजनी मंडळाने तुळशीरामची वीणा खुंटीला टांगली ती टांगलीच. दुसऱ्या मंडळाने काही न बोलता वाजवत ठेवली. काही दिवस पाणवठ्यावर अन्नपूर्णाबाईच्या घागरीपासून बाया घागरी लांब ठेवत, पुढे ते विसरल्या. महादेवराव येऊन ओट्यावर बसले, त्याच घरच्या कपात चहा प्यायले आणि गटारीचे काम आता कोणाकडे द्यावे याचा त्यांनी तुळशीरामला सल्ला विचारला. ज्याची त्याला भीती होती ते निम्मेसुद्धा झाले नाही. ज्याची भीती नव्हती ते पुरेपूर झाले.

आता तुळशीराम दुकानात येतो, पण काम करायला नाही. मी कोपऱ्यात आहे. माझ्यावर तुरीची पोती रचलेली असतात. पात्यांवर गंज चढला आहे आणि स्प्रिंग ओढेनासे झाले आहेत.

अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्याने तुमच्याकडे दोन थेंब तेल मागायचे असते. तेल या घरात आहे. ते एका वाटीत असते आणि रोज दिवेलागणीला अन्नपूर्णाबाई ती वाटी घेऊन ओट्यावर येते. आधी ती तुळशीरामचे हात कोमट पाण्यात बुडवते. मग उजेडाकडे धरून तळवा पाहते, प्रत्येक बोट पाहते, बोटांच्या बेचक्या पाहते. काटा रुतला आहे का, चटका बसला आहे का, कुठे चिरले आहे का. दुखते का असे ती विचारत नाही. विचारून उपयोग नाही, ते तिला दवाखान्यात शिकवले आहे. काही सापडले तर पुसून चिंधी बांधते, नाही सापडले तर तेल चोळते. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो, कारण आपल्या हाताला काय झाले ते त्याला तिथूनच कळते.

म्हणून मित्रांनो, माझा गंज राहू द्या. मी लोखंड आहे, मला कोणी तेल घातले काय आणि नाही घातले काय. पण तुमच्या घरात कोणी 'मले काई नाही झालं' असे म्हणाले, तर नुसते ऐकून खेळायला पळू नका. त्याचा हात हातात घ्या आणि उजेडात धरून नीट पाहा. जे दुखते ते स्वतःहून सांगते. जे दुखत नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी पाहावे लागते.